पिशवीतून काढून दाखवलेली बंदूक 'वापरली' का?

अनुवादाच्या वर्गात दर वर्षी एका तासाला मी फळ्यावर एकच वाक्य लिहितो : 'त्याने बंदूक वापरून दोन औंस कोकेन मिळवायचा प्रयत्न केला.' मग विचारतो, डोळ्यांसमोर काय आलं? कुणाला अंधारी गल्ली दिसते, कुणाला कानशिलावर टेकवलेली नळी. मागच्या बाकावरून कुणीतरी 'हँड्स अप' ओरडतंच. मोटेलच्या खोलीत दोन माणसं बसून सौदा करताहेत, हे चित्र आजवर एकालाही दिसलेलं नाही.

घडलं मात्र तेच होतं. 'स्मिथ विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या नावाने हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १ जून १९९३ रोजी निकाल लागला. माणूस दोषी आहे का, कोकेन घ्यायला आला होता का, बंदूक त्याचीच होती का, यातल्या कशावरच तिथे वाद नव्हता. वाद होता इंग्रजीतल्या तीन अक्षरांच्या एका शब्दावर, 'यूज'वर. त्या शब्दाचा एक अर्थ घेतला तर ३० वर्षांची शिक्षा, दुसरा घेतला तर ती नाही.

मी वकील नाही. खरेदीखतं, प्रतिज्ञापत्रं, करारनामे इंग्रजीतून मराठीत आणणं हा माझा धंदा, आणि या प्रकरणाकडे मी त्याच खिडकीतून बघतो.

हकिकत

स्मिथ आणि त्याचा सोबती टेनेसीहून फ्लोरिडाला गेले ते कोकेन आणायला. इकडे घ्यायचं, तिकडे चढ्या भावाने विकायचं, असा बेत. तिथे ओळखीच्या एका बाईने त्यांना थोडं कोकेन मिळवूनही दिलं. तिच्या मोटेलमधल्या खोलीवर एक विक्रेता आला, बोलता बोलता स्मिथच्या बंदुकीचा विषय निघाला आणि विक्रेत्याला ती आवडली. मॅक-१० नावाचं ते हत्यार आकाराने आटोपशीर, वजनाला हलकं, आवाज दाबणारी नळी बसवता येईल असं, आणि यंत्रात फेरफार करून पूर्ण स्वयंचलित केलेलं होतं. अशी बंदूक मिनिटाला हजाराहून जास्त गोळ्या झाडू शकते, असं निकालपत्रातच नोंदवलं आहे.

स्मिथचं दुर्दैव असं की त्या बाईची ऊठबस दोन्हीकडे होती. ती पोलिसांची खबरी निघाली. तिने ब्राउअर्ड काउंटीच्या शेरीफला कळवलं आणि शेरीफच्या कचेरीने एक अधिकारी वेषांतर करून पाठवला. त्याने सोंग घेतलं गहाणवटीच्या दुकानदाराचं. स्मिथने काळ्या कॅनव्हासच्या पिशवीतून मॅक-१० बाहेर काढली, त्याला दाखवली आणि पैशांऐवजी दोन औंस कोकेन मागितलं. अधिकारी म्हणाला, बाबा, मी दुकानदार माणूस, माझ्याकडे तसला माल नसतो, पण बंदूक मला हवीय, बघतो कुठे मिळतं का. तासाभरात येतो म्हणून तो गेला, तो थेट अटकेची तयारी करायला.

स्मिथला तेवढा धीर निघाला नाही. पाळतीवरच्या पोलिसांनी त्याला बंदुकीची पिशवी घेऊन खोलीबाहेर पडताना आणि व्हॅनमध्ये बसताना पाहिलं. पाठलाग झाला, गाडी अडवली. आत मॅक-१० होतीच, शिवाय आणखी एक मशीनगन, दोन पिस्तुलं आणि दारूगोळा निघाला. स्वतःच्या कमरेलाही भरलेलं पिस्तूल होतं. म्हणजे सहानुभूती वाटावी असा हा गडी नव्हे. मला तर हे बरंच वाटतं. आरोपी गरीब बिचारा असता तर शब्दाचा विचार करताना आपलं मन मध्ये आलं असतं.

कायदा काय म्हणत होता? अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा करताना आणि त्या गुन्ह्याच्या संबंधात जो कोणी बंदूक 'यूझेस ऑर कॅरीज', त्याला मूळ गुन्ह्याच्या शिक्षेवर आणखी ५ वर्षं. बंदूक मशीनगन असेल किंवा तिला आवाज दाबणारी नळी असेल, तर थेट ३० वर्षं. हे कलम १९६८ सालचं. गुन्हा करायला निघालेल्या माणसाने निदान बंदूक घरी ठेवून जावं, हा ते आणणाऱ्यांचा हेतू. त्यात अमली पदार्थांच्या व्यापाराची भर पडली १९८६ साली.

आरोपपत्रात सरकारने स्मिथविरुद्ध 'यूज' लावलं, 'कॅरी' लावलं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. बंदूक पिशवीतून नेली होती हे तर सगळ्यांनाच मान्य होतं. तो दुसरा शब्द लिहिला असता तर पुढचं महाभारत बहुधा झालंच नसतं.

तीन अक्षरांचा पसारा

'यूज' आपण शाळेत पाचवीच्या आत शिकतो आणि मग त्याच्याकडे कधी वळून बघत नाही. बघायला लागलं की पाय घसरतो.

उच्चारापासूनच सुरुवात आहे. नाम असेल तर शेवटी 'स', क्रियापद असेल तर 'झ'. लिहायचं मात्र एकसारखं. आपण मराठी माणसं दोन्हीला 'यूज' म्हणून मोकळे होतो. 'आय यूस्ट टू' म्हटलं की वापराचा संबंधच संपतो. तिथे 'मी पूर्वी असं करत असे', बस. 'आय अ‍ॅम यूस्ट टू' म्हटलं की सवय झाली. 'इट्स नो यूस' म्हणजे काही फायदा नाही. 'आय कुड यूझ अ कप ऑफ टी' याचं 'मी एक कप चहा वापरू शकेन' असं भाषांतर मी एका उत्तरपत्रिकेत स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे; बोलणाऱ्याला म्हणायचं होतं की आत्ता चहा मिळाला तर काय बहार येईल. 'यूझ्ड कार' म्हणजे जुनी, एका हातून दुसऱ्या हाती आलेली गाडी. 'ही यूझ्ड मी' म्हणजे त्याने मला वापरून घेतलं. यातलं 'वापरून घेणं' आता मराठीत इतकं मुरलंय की त्यातला कडवटपणा समजावून सांगावा लागत नाही. आणि कर्म न घेता नुसतंच 'ही यूझेस' म्हटलं तर तो माणूस व्यसनी आहे, नशा करतो, असा अर्थ निघतो. आपल्या या खटल्यातच हा शेवटचा अर्थही आजूबाजूला घुटमळत होता म्हणायचा.

मूळ लॅटिन 'उती', म्हणजे उपयोगात आणणं, उपभोगणं. त्याच मुळावरून 'युझरी' आला, सावकारी व्याज : पैसा वापरायला दिला त्याचं भाडं. गंमत अशी की इंग्लंडच्या जमिनीच्या कायद्यात एक अगदी वेगळा 'यूज' आहे. दुसऱ्याच्या हितासाठी आपल्या नावावर धरलेली जमीन, असा त्याचा अर्थ, आणि तो लॅटिन 'ओपुस'वरून फ्रेंचमार्गे आला. आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटने १५३६ साली 'स्टॅच्यूट ऑफ यूझेस' केला तो त्या दुसऱ्या शब्दाबद्दल. दोन वेगळ्या घरची मुलं, पण शाळेच्या हजेरीत नाव एकच लागलं, असा प्रकार.

एवढा ऐवज पोटात घेऊन बसलेला शब्द फौजदारी कायद्यात घातला, तेव्हा त्यातला कुठला अर्थ हवा हे कुणी लिहून ठेवलं नाही. लिहायची गरज वाटली नसणार. साधा शब्द तर आहे.

काठी

सहा विरुद्ध तीन असा निकाल लागला. बहुमताचं निकालपत्र लिहिलं सँड्रा डे ओ'कॉनर यांनी. १९८१ साली त्या न्यायालयात आलेल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती. त्यांनी शब्दकोश उघडला. वेब्स्टरच्या कोशात 'यूज'चा अर्थ 'स्वतःच्या कामी लावणं', 'कामाला घेणं' असा दिलेला. कायद्याच्या कोशातही तसंच, वर 'एखाद्या साधनाने हेतू साधणं' हेही. स्मिथने कोकेन मिळवायला बंदूक पुढे केली, म्हणजे ती स्वतःच्या कामी लावली. म्हणून यूज झाला. 'शस्त्र म्हणून' हे शब्द कायद्यात कुठेही नाहीत, ते आपण पदरचे का घालायचे?

शिवाय शेजारच्याच एका पोटकलमात बंदुका जप्त करण्याविषयी लिहिलंय आणि तिथे बंदुकींच्या बेकायदा खरेदी-विक्रीच्या गुन्ह्यांच्या बाबतीतही 'यूझ्ड' हाच शब्द आलाय. मग एकाच कलमात एकाच शब्दाला इथे एक अर्थ आणि दोन ओळी खाली दुसरा, हे कसं चालेल? माझ्या मते त्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा. त्यांचं सगळ्यात झणझणीत वाक्य मात्र वेगळं आहे : सौद्यातली बंदूक क्षणात चलनाची तोफ होऊ शकते. इंग्रजीत त्या दोन शब्दांना 'क'चा अनुप्रास आहे, 'करन्सी'ची 'कॅनन'.

विरोधी निकालपत्र अँटोनिन स्कालिया यांचं. त्यांच्याशी कितीही मतभेद असोत, माणूस लिहायचा मात्र फर्मास. त्यांनी विचारलं, तुम्ही काठी वापरता का, असं कुणी म्हटलं तर त्याला काय जाणून घ्यायचं असतं? तुमच्या आजोबांची चांदीच्या मुठीची काठी दिवाणखान्याच्या वाटेवर शोभेला टांगली आहे का, हे नव्हे. तुम्ही काठी टेकत चालता का, हे. तसंच बंदूक वापरली म्हटलं की ती बंदूक म्हणून वापरली असाच अर्थ घ्यायचा. एखाद्या साक्षीदाराने आजोबांची जुनी एनफिल्ड रायफल कधीतरी संग्राहकाला विकली असेल, आणि कोर्टात 'तुम्ही कधी बंदूक वापरलीय का' या प्रश्नाला त्याने 'नाही' म्हटलं, तर खोटी साक्ष दिली म्हणून त्याला कुणी आत टाकेल का? एखादा शब्द कसा वापरता येऊ शकतो आणि तो एरवी कसा वापरला जातो, यातला फरकच या कोर्टाला उमगलेला दिसत नाही, असा त्यांनी टोला हाणला.

ओ'कॉनरबाईंनी काठी तिथेच पडू दिली नाही. अमेरिकेच्या इतिहासातला काठीचा सर्वांत कुप्रसिद्ध वापर चालण्याशी संबंधित नव्हताच, असं त्यांनी सुनावलं. १८५६ साली गुलामगिरीविरुद्ध भाषण केलं म्हणून सेनेटर चार्ल्स समनर यांना सेनेटच्या सभागृहातच काठीने रक्तबंबाळ होईस्तोवर मारलं होतं. आणि फटके देण्यासाठी काठी इतकी सर्रास चालायची की 'केन' हे मारण्याचं क्रियापदच होऊन बसलं. हा युक्तिवाद मराठीत आणायला गेलं की पहिल्याच पायरीला ठेचकाळतो, कारण आपल्याकडे मास्तरांच्या हातात असते ती छडी आणि आजोबांच्या हातात असते ती काठी. एकच 'केन' दोन हातांत धरायची सोय इंग्रजीत आहे, आपल्यात नाही.

सरकारने 'कॅरी' लावायला हवं होतं, तो शब्द कायद्यात त्यासाठीच आहे, ते सोडून 'यूज' ताणत बसू नका, हेही स्कालियांनी लिहिलं. आणि शब्दाचा अर्थ दोन्हीकडे झुकत असेल तर फौजदारी कायद्यात तो आरोपीच्या बाजूने घ्यायचा, हा जुना दंडक त्यांनी आठवून दिला. न्यायमूर्ती सूटर आणि स्टीव्हन्स त्यांच्या बाजूने होते. पण मतं तीनच. स्मिथला ३० वर्षं लागली.

साड्यांवर पातेलं

आता माझी अडचण. समजा हे आरोपपत्र माझ्याकडे अनुवादाला आलं. 'यूझ्ड'ला काय लिहू?

'वापरली' लिहिलं तर स्मिथ सुटतो. 'उपयोग केला' लिहिलं तर अडकतो. न्यायाधीश खुर्चीत बसण्याआधी मी निकाल देऊन ठेवलेला असतो.

हा फरक मला कळला तो पुस्तकातून नव्हे, आत्याच्या दारात. आत्याकडे साड्यांचे दोन ढीग असायचे, वापरायच्या आणि ठेवणीतल्या. ठेवणीतली एक जांभळी साडी तिने वर्षानुवर्षं अंगाला लावली नाही. एका दुपारी दारावर बोहारीण आली. ओसरीवर गाठोडं सोडून तिने भांडी मांडली, आत्याने तिच्यापुढे साड्या ठेवल्या आणि घासाघीस सुरू झाली. एवढ्या मोठ्या पातेल्याला तीन साड्या पुरायच्या नाहीत म्हणे, आणखी एक तरी टाका, काठ बघा किती विरलेत. शेवटी आत्याने ती जांभळी साडी वर टाकली आणि पातेलं आत आलं. संध्याकाळी काकूने विचारलं, "अगं, ती जांभळी कधी वापरलीस तरी का गं?" आत्या म्हणाली, "कुठली वापरायला! तशीच गेली."

'तशीच गेली.' त्या साडीचं पातेलं झालं होतं, पातेल्यात दूध तापत होतं, तरी साडी वापरली नव्हती. मराठी कानाला यात विसंगती वाटत नाही. स्कालियांना ही आत्या साक्षीदार म्हणून मिळायला हवी होती.

आणि त्याच घरात दुसरी गोष्ट. आत्याच्या बांगड्या माझ्या आतेभावाच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी मोडल्या. त्याबद्दल ती आयुष्यभर म्हणायची, "बांगड्या वेळेला कामी आल्या, उपयोग झाला." आता इथे बांगड्या विकल्याच होत्या की! सौदाच झाला होता. पण त्याला 'उपयोग' म्हणायला तिची जीभ अडखळली नाही. उलट 'फीसाठी बांगड्या वापरल्या' असं ती कधीच म्हणाली नसती. वापरणं म्हणजे हातात घालणं. वेब्स्टरचं 'स्वतःच्या कामी लावणं' आणि आत्याचं 'कामी आल्या' यांत मला तरी फरक दिसत नाही. म्हणजे ओ'कॉनरबाईंच्या बाजूनेही आत्याच साक्षीला उभी.

इंग्रजीतला एक शब्द आपल्याकडे दोन शब्दांत विभागला गेला आहे. वस्तू ज्या कामासाठी केली त्या कामाला ती लावली, की आपण 'वापरली' म्हणतो. तिच्यापासून काहीही हेतू साधला, की 'उपयोग' म्हणतो. रेघ अगदी पक्की नाही. 'हातोडी नव्हती म्हणून खिळा ठोकायला दगड वापरला' हे आपण म्हणतोच, आणि दगड काही हातोडी म्हणून जन्माला येत नाही. पण विकण्या-बदलण्याच्या जागी आलं की 'वापरणं' मराठीत दार लावून घेतं. त्यातही एक खोच आहे. 'वापर' हा शब्द संस्कृत 'व्यापार'च्याच कुळातला, आणि 'व्यापार' म्हणजे मुळात कामात गुंतणं. मराठीत एक भाऊ घरात राहिला, दुसरा पेठेत गेला, आणि आता दोघांचं बोलणं नाही.

पुढे काय झालं

प्रकरण १९९३ ला संपलं नाही. 'यूज' इतका रुंद केल्यावर सरकारी वकिलांनी तो आणखी ताणला. १९९५ साली 'बेली विरुद्ध युनायटेड स्टेट्स' आलं. एकाची बंदूक गाडीच्या कुलूपबंद डिकीत होती. दुसरीची, गोळ्या न भरलेली, कपाटातल्या कुलूपबंद पेटीत. सरकारचं म्हणणं, जवळ ठेवल्याने धीर येतो, संरक्षण मिळतं, म्हणजे वापरच. या वेळी निकाल एकमताने लागला आणि लिहिला पुन्हा ओ'कॉनर यांनीच. त्यांनी एक वाक्य घडवलं, जे मी आता वर्गात काठीच्या आधी सांगतो : 'घराच्या रक्षणासाठी मी बंदूक वापरतो, पण ती वापरायची वेळ कधी आली नाही.' एकाच वाक्यात दोन वेळा तोच शब्द, दोन अर्थांनी, आणि ऐकणाऱ्याला काहीच खटकत नाही. मराठीत बघा, पहिल्या जागी आपण सहज 'ठेवतो' म्हणून जातो. कोर्ट म्हणालं, नुसतं ठेवणं म्हणजे यूज नव्हे, बंदूक प्रत्यक्ष कामाला लागली पाहिजे. उगारणं, दाखवणं, तिने मारणं, झाडणं हे सगळं त्यात येतं. आणि हो, अदलाबदल करणंही. स्मिथच्या निकालात घेतलेली आपली बाजू त्यांनी सोडली नाही.

मग पाळी आली 'कॅरी'ची. १९९८ सालच्या 'मस्करेलो' प्रकरणात प्रश्न असा, की गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कुलूपबंद कप्प्यात बंदूक असली तर ती माणसाने 'कॅरी' केली का? न्यायमूर्ती ब्रायर यांनी शब्दकोश, बायबल, जुनी साहित्यकृती आणि वर्तमानपत्रांतली हजारो वाक्यं चाळली आणि 'हो' म्हटलं. पाच विरुद्ध चार. विरोधी बाजू लिहिली रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी. त्यांनी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा 'बोला हळू, पण हातात सोटा ठेवा' हा सल्ला काढून दाखवला : इंग्रजीत तिथेही शब्द 'कॅरी'च आहे, आणि त्यात गाडी कुठेच नाही. त्याच वर्षी संसदेने कायदाच बदलला. गुन्ह्याला हातभार लागावा म्हणून नुसती बंदूक बाळगली तरी आता शिक्षा होते, आणि उगारली, झाडली अशा पायऱ्यांनी ती वाढत जाते.

तरी 'यूज' तिथेच उभा होता. २००७ साली 'वॉटसन' प्रकरणात गोष्ट उलटी झाली. वॉटसनने अमली गोळ्या दिल्या आणि बदल्यात पिस्तूल घेतलं. देणारा स्मिथ वापरतो, तर घेणारा वॉटसनही वापरतो का? या वेळी निकालपत्र सूटर यांचं, १९९३ साली विरोधात बसलेले तेच. सौद्यात बंदूक घेणाऱ्याने ती 'वापरली' असं सरकार म्हणत असेल, दुसरं कुणी म्हणणार नाही, असं त्यांनी लिहिलं. पोराने सफरचंद देऊन खाऊची वडी घेतली तर त्याने सफरचंद वापरलं म्हणता येईल, वडी वापरली असं म्हटलं तर कोण काय देऊन काय घेऊन गेलं हेच ऐकणाऱ्याला कळणार नाही. निकाल पुन्हा एकमताने. गिन्सबर्ग यांनी सहमतीची छोटी टीप जोडली, तिचा सूर असा : आज कोर्ट म्हणतंय की देण्यापेक्षा घेणं बरं, निदान बंदुकांच्या बाबतीत. स्मिथचा निकाल चुकला होता, तो मोडीत काढा, असं त्या स्पष्टपणे म्हणाल्या. त्या न्यायालयात आल्या ऑगस्ट १९९३ मध्ये, स्मिथच्या निकालानंतर दोन महिन्यांनी, आणि तेही त्या निकालात बहुमतात असलेल्या न्यायमूर्ती व्हाइट यांच्या रिकाम्या जागेवर. दोन महिने आधी आल्या असत्या तरी सहा-तीनचं पाच-चार झालं असतं एवढंच. हिशेब करून पाहिलाय मी.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात उभाच राहत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्ये 'यूज', 'सेल', 'ट्रान्स्फर' हे शब्द एकापाठोपाठ मांडले आहेत, आणि शिक्षेचं तर आणखी सोपं : विकणं-देणं कलम २५ मध्ये, वापरणं कलम २७ मध्ये. ज्याने मसुदा केला त्याने दोन्ही कामांना वेगळी खुंटी दिली. अमेरिकेत जे १४ वर्षं चाललं ते इथे एका स्वल्पविरामाने मिटलं असतं.

गेल्या वर्षी या तासाला मी विद्यार्थ्यांना सगळी हकिकत सांगून मग भाषांतर करायला दिलं. बहुतेकांनी 'वापरली' आणि 'उपयोग केला' यांतलं एक निवडलं आणि समासात कारण लिहिलं. एका मुलाने 'बंदूक कामी लावली' असं लिहिलं. वेब्स्टरच्या अगदी जवळ, पण आरोपपत्रात ते विचित्र दिसेल हे त्यालाही माहीत होतं. सोलापूरकडच्या एका मुलीने दोन्ही क्रियापदं टाळली. तिने लिहिलं, 'त्याने बंदुकीवर दोन औंस कोकेन मागितलं.' जुन्या कपड्यांवर भांडी घेतात, तसं. एका 'वर'मध्ये सगळा सौदा आला, कुणाच्या डोळ्यांसमोर कानशिलाला लावलेली नळी आली नाही, आणि वाक्य ऐकून वर्ग हसला.

मीही हसलो. मग तिच्या कागदावर लाल पेनने लिहिलं, 'छान. पण आता हा गुन्हा कोणत्या शब्दाखाली नोंदवायचा?' ती दुसऱ्या दिवशी कागद परत घेऊन आली. माझ्या प्रश्नाखाली तिने पेन्सिलीने उत्तर लिहिलं होतं : 'सर, कॅरी.'